थायरॉईड नॉर्मल आहे, मग स्लीव्हनंतर एवढी थंडी का वाजते?

ताई, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३८, उंची १६० सेंटिमीटर. चौदा महिन्यांपूर्वी स्लीव्हचं ऑपरेशन (वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करण्याचं) झालं आणि वजन ११८ वरून ७१ किलोवर आलं. शुगरची गोळी बंद झाली, गुडघे दुखायचे थांबले. पण आता भर एप्रिलमध्ये तुम्हाला गार वाटतं. ऑफिसात एसीखाली शाल, घरी पंखा बंद, रात्री पायात मोजे. थायरॉईडची तपासणी केली, ती नॉर्मल आली. नवरा म्हणतो मनाचे खेळ आहेत, सासूबाई म्हणतात अंगात रक्त उरलं नाही. आणि तुम्ही विचारलंय की ऑपरेशनमध्ये काही बिघडलंय का, आणि हे असंच राहणार का.

मी नाशिकला बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या, सर्जरीच्या टीमबरोबर आहारतज्ज्ञ म्हणून सोळा वर्षं काम करते. ही तक्रार मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकते. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बायका स्वेटर घालून ओपीडीत येऊ लागतात. पुरुषांनाही तेच होतं, फक्त ते उशिरा बोलून दाखवतात. हल्ली वजन उतरवायची इंजेक्शनं घेणारेही हेच विचारतात. तेव्हा तुम्हाला थंडी खरोखर वाजते आहे, मनाचे खेळ नाहीत. आणि ऑपरेशन बिघडल्याची ही खूण नाही.

पण एवढ्यावर तुमची समजूत घालून मी थांबणार नाही. ‘चरबी गेली म्हणून गार वाटतं’ हे उत्तर इतकं पटण्यासारखं आहे की त्याच्याआड बाकीची कारणं लपतात. माझ्याच हातून हे झालं आहे. सुरुवातीच्या वर्षांत निफाडकडच्या द्राक्षबागायतदार घरातल्या एक बाई माझ्याकडे यायच्या. वजन उतरवण्याचंच दुसरं ऑपरेशन, पोटाचं बायपास, होऊन वर्ष झालं होतं, जानेवारी महिना होता. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच असेल, पारा चार-पाच अंशांवर येतो, द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, शेकोटीजवळ बसूनसुद्धा ऊब लागत नाही.’ मी म्हटलं, चाळीस किलो चरबी गेली आहे, त्यात निफाडची थंडी, होईल सवय. हिमोग्लोबिन १२.१ होतं, म्हणजे ठीकच. मार्चमध्ये केस मुठीने गळायला लागले तेव्हा फेरिटिन तपासलं, ते ६ आलं. अंगातला लोहाचा साठा जवळजवळ संपला होता. जानेवारीतली तक्रार हीच त्याची सूचना होती आणि ती मी हवामानाच्या खात्यावर टाकली. तेव्हापासून माझा नियम आहे: आधी बाकीची कारणं तपासायची, मग चरबीला जबाबदार धरायचं.

आता नैसर्गिक भाग किती, ते तुमच्याच आकड्यांवर बघू. त्वचेखालची चरबी उष्णता बाहेर जाऊ देत नाही, ते अंगावरचं कायमचं जाकीट होतं. ते उतरलं. दुसरं असं की वजन चाळीस टक्के कमी झालं, पण त्वचेचं क्षेत्रफळ तेवढं कमी होत नाही. नेहमीच्या सूत्राने काढलं तर तुमचं क्षेत्रफळ सुमारे २.३ चौरस मीटरवरून १.८ वर आलं, म्हणजे बावीस टक्केच घटलं. ज्या पृष्ठभागावरून ऊब निसटते तो मागच्या मानाने मोठा राहिला आणि आत ऊब धरून ठेवणारं वस्तुमान कमी झालं. तिसरं, ऊब तयार होण्याचंच प्रमाण घटलं. स्वस्थ पडून असताना तुमचं शरीर पूर्वी दिवसाला साधारण १८०० कॅलरी जाळत असेल, आता ते १३५० च्या आसपास असेल. या कॅलरींची शेवटी उष्णताच होते. वॅटमध्ये सांगायचं तर नव्वदच्या जवळ जाणाऱ्या दिव्याच्या जागी आता पासष्टचा दिवा जळतो आहे. वजनाबरोबर थोडे स्नायूही जातात, आणि थंडीत कुडकुडून ऊब तयार करतात ते स्नायूच.

आणखी एक गोष्ट बायका लक्षात घेत नाहीत. ११८ किलोच्या काळात तुम्हाला कायम उकडत असणार. घराची सगळी घडी त्या शरीराला धरून बसलेली असते: पंखा पाचवर, एसी अठरावर, पातळ सुती गाऊन, गार पाण्याची आंघोळ. शरीर बदललं तरी रिमोटवरचा आकडा तोच राहतो. एका जोडप्याला मी विचारलं, रात्री एसी किती असतो? नवरा म्हणाला, ‘अठरा. हिलाच लागतो ना.’ ती दोन रजया घेऊन झोपत होती आणि दोघांपैकी कुणालाही तो आकडा बदलायचं सुचलं नव्हतं. सव्वीसवर आणल्यावर तिची निम्मी तक्रार गेली.

इथवरचं सगळं अपेक्षित आहे. आता जे तपासायला हवं त्याकडे येते.

सगळ्यात आधी ताट. तुम्ही काय खाता ते लिहिलेलं नाही, म्हणून मी सर्वसाधारण सांगते. चौदाव्या महिन्यातही काहीजणी दिवसाला सातशे-आठशे कॅलरीवर राहतात. भूक नसते, वजन उतरतंय म्हणून आनंद असतो, आणि पुन्हा वाढेल ही धास्ती असते. शरीर याला दुष्काळ समजतं. लेप्टिन हे संप्रेरक खाली येतं, नाडी मंदावते, हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडतो आणि ऊब वाचवायला सुरुवात होते. १९४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं. वजन साधारण पाव हिश्श्याने उतरलं, आणि भर उन्हाळ्यात ती मुलं जादा पांघरूण मागत होती. ती मुळात लठ्ठ नव्हती, त्यांची कोणतीही शस्त्रक्रिया झाली नव्हती. फक्त खाणं कमी पडलं होतं. म्हणून थंडी वाजते म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी आधी तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगते, चहाबिस्किटासकट.

त्या कागदावर बहुतेक वेळा प्रथिनं कमी निघतात. आम्ही दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम मागतो, बहुतेकींना ७० ते ८० लागतात. प्रथिनांचं वेगळं महत्त्व असं की ती पचवतानाच शरीर त्यांतल्या वीस ते तीस टक्के कॅलरी खर्च करतं आणि त्याची ऊब होते. पिष्टमय पदार्थांत हे प्रमाण पाच ते दहा टक्के असतं, तेलातुपात त्याहून कमी. ‘मॅडम, रोज दोन वाट्या आमटी घेते की’, हे वाक्य मी फार ऐकते. एकदा एका ताईंना मी घरी आमटी टाकण्याआधी तूरडाळ वजन करून बघायला सांगितली. पाच माणसांच्या आमटीत मिळून शंभर ग्रॅमसुद्धा डाळ नव्हती. त्यांच्या वाटीत आली जेमतेम पंधरा ग्रॅम, म्हणजे सव्वातीन ग्रॅम प्रथिनं. बाकी सगळं फोडणीचं पाणी. चवीला उत्तम, पण स्लीव्हच्या छोट्या पोटात त्या पाण्याने जागा अडवली. त्याऐवजी घट्ट वरण, मुगाचं धिरडं, पनीर, अंडी, खात असाल तर बांगडा, चिकन, आणि ताटात तेच आधी संपवायचं. भात-पोळी नंतर, उरलेल्या जागेत.

आता चहा. यावर मी जरा जास्त बोलते कारण थंडी वाजणाऱ्या बायका इथेच सापळ्यात अडकतात. गार वाटलं की चहा. दिवसाला पाच-सहा कप होतात, तेही जेवणाला लागून. चहाने पोट भरतं, प्रथिनांची जागा जाते, आणि चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगाला नीट लागत नाही. लोह घटलं की आणखी गार वाटतं, की आणखी चहा. तुमचं असं होत असेल तर चहा दोन कपांवर आणा आणि जेवणाच्या व लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर किमान एक तास लांब ठेवा. गरम काहीतरी हवंच असेल तर मुगाचं किंवा चिकनचं सूप घ्या.

लोहाबद्दल तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मी गांभीर्याने घेईन. आपल्याकडे मुळातच परिस्थिती नाजूक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात स्लीव्हने जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढला जातो, आम्ल कमी होतं, आणि डाळी-भाज्यांमधलं लोह विरघळायला आम्ल लागतं. बायपासमध्ये तर लोह जिथे शोषलं जातं तो आतड्याचा भागच वगळला जातो. शिवाय वजन उतरल्यावर ज्यांची पाळी वर्षानुवर्षं अनियमित होती त्यांना ती दर महिन्याला येऊ लागते. ही आनंदाची बातमी, पण दर महिन्याला रक्त जातं आणि हिशेबात ते कुणी धरत नाही. लोह कमी असलेल्या स्त्रियांचं शरीर थंडीत ऊब कमी तयार करतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. थायरॉईडचं संप्रेरक तयार व्हायलाही लोह लागतं.

तपासताना एक लक्षात ठेवा, हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी पडतं. म्हणून नुसतं सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची नेहमीची तपासणी, पुरत नाही. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन हवं, आणि सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून किती लोह वाहून नेलं जातंय ते दाखवणारी तपासणी), कारण अंगात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं. लॅबच्या कागदावर पंधरासुद्धा नॉर्मलच्या रकान्यात छापलेलं असू शकतं. आमच्या टीममध्ये तीसच्या खाली असेल तर आम्ही ते कमीच धरतो. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना ऑपरेशननंतर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम मूळ लोह (गोळीतल्या पूर्ण क्षाराचं नव्हे, फक्त लोहाचं वजन) लागतं आणि साध्या मल्टीव्हिटॅमिनच्या गोळीत एवढं नसतं. गोळीची मागची बाजू वाचा. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. बऱ्याचजणी सोयीसाठी सगळ्या गोळ्या रात्री एकदम घेतात आणि मग लोह नीट लागत नाही. गोळीने आकडा हलला नाही तर शिरेतून लोह देता येतं. तो निर्णय डॉक्टरांचा.

बी-१२ चं वेगळं. लिव्हरमध्ये त्याचा साठा असतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते, पहिल्या वर्षात रिपोर्ट चांगला येतो आणि माणूस गाफील राहतो. तुमची शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल, किंवा ऑपरेशननंतर ॲसिडिटीची गोळी महिनोन्महिने चालू असेल, तर दोन्हींमुळे बी-१२ खाली येतं. शाकाहारी असाल तर आणखी. बी-१२ कमी पडलं की नसांवर परिणाम होतो, तो ओळखायला एक साधी गोष्ट घरी करून बघा. रात्री तुम्हाला पाय बर्फासारखे वाटतात तेव्हा नवऱ्याला तळपायाला हात लावायला सांगा. त्याच्या हाताला गार लागले तर प्रश्न रक्तपुरवठ्याचा आणि उबेचा आहे. त्याच्या हाताला कोमट लागले आणि तुम्हाला मात्र गारच वाटत असतील, मुंग्या येत असतील, तळव्यांखाली कापूस असल्यासारखं वाटत असेल, तर नसांचं काम तपासायला हवं आणि त्याला उशीर करू नये. ओपीडीत मी स्वतः हात लावून बघते.

थायरॉईडबद्दल. टीएसएच (थायरॉईडची नेहमीची रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर थंडी वाजते म्हणून थायरॉईडची गोळी मागू नका. कमी खाण्याच्या काळात शरीर टी-थ्री हे थायरॉईडचं संप्रेरक कमी तयार करतं, ती त्याची काटकसर आहे, थायरॉईडचा आजार नव्हे. ज्यांची थायरॉईडची गोळी आधीपासून चालू आहे त्यांचं वेगळं: वजन उतरल्यावर डोस बदलू शकतो, आणि लोह-कॅल्शियम त्या गोळीपासून चार तास लांब ठेवावं लागतं.

बीपीची गोळी चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर गोळीच्या पाकिटावरचं नाव तपासा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या गटाच्या गोळ्यांनी हातपाय गार पडतात. अर्धशिशीसाठी दिली जाणारी प्रोप्रानोलॉलही त्यातलीच. ११८ किलोच्या वेळी ठरवलेला डोस ७१ किलोला जास्त होऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नका, एकदम थांबवणं धोक्याचं असतं. आठवडाभर घरी बीपी आणि नाडी लिहून डॉक्टरांकडे न्या.

आतापर्यंतचं थोडक्यात: थोडी थंडी हा वजन उतरल्याचा हिशेब आहे. पण तीन दिवसांचं खाणं, फेरिटिन, बी-१२ आणि चालू गोळ्या, हे चार कागद समोर आल्याशिवाय तो हिशेब पुरा झाला असं मी म्हणणार नाही. व्हिटॅमिन डी आणि साखरेची तपासणी बहुतेक ठिकाणी सोबत होतेच.

असंच राहणार का, याचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. वजन अजून उतरतंय का, किती झपाट्याने उतरलं, स्नायू किती टिकले, पाळी कशी आहे, काम बसून आहे का. माझ्या अनुभवात वजन स्थिर झालं, साधारण दीड-दोन वर्षांनी, की बहुतेकींची तक्रार बरीच निवते. पूर्वीसारखं उकडत मात्र नाही. जाकीट गेलं ते गेलं. निफाडच्या त्या ताईंना शिरेतून लोह दिलं, ताटात रोज पनीर आणि दोन अंडी आली. पुढच्या हिवाळ्यात त्या कानाला स्कार्फ बांधून, जाड स्वेटर घालून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला जात होत्या. थंडी वाजतच होती, पण शेकोटीजवळ गेलं की ऊब लागत होती.

स्नायूंसाठी नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा रबरी पट्टा, छोटे डंबेल्स, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, असं काहीतरी वजन उचलण्याचं हवं. सर्जनची परवानगी घेऊन सुरू करा. उपवासांचीही काळजी घ्या. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार एका महिन्यात आले की साबुदाणा आणि चहावर पाच-सहा दिवस निघतात, आणि त्या आठवड्यांत थंडीच्या तक्रारी वाढलेल्या मी दरवर्षी बघते. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर, शेंगदाणे यांवर करा.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. हुडहुडी भरून ताप, पोटात सतत दुखणं, काळी शौच, चालताना धाप, छातीत धडधड, भोवळ, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सतत उलट्या होत असतील तरीही, कारण बी-१ चा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो आणि त्याची कमतरता मेंदूवर जाते. जेवणानंतर एक ते तीन तासांनी गार घाम, थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ती थंडी नसून साखर खाली जाणं असू शकतं. हे बायपासनंतर जास्त दिसतं, पण स्लीव्हनंतरही होतं. त्या क्षणी ग्लुकोमीटरवर साखर बघा, खाली असेल तर लगेच ग्लुकोज घ्या, आणि आकडा लिहून डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्ट येईपर्यंत आज रात्रीपुरतं सांगते. एका जाड स्वेटरपेक्षा अंगालगत एक घट्ट बनियन आणि त्यावर दोन पातळ थर जास्त ऊब धरतात. जुने सैल कपडे आता वापरू नका, त्यांत गळ्याकडून आणि बाह्यांतून गार हवा खेळते. ऑफिसच्या खुर्चीवर उशी घ्या. बसायच्या जागेची चरबी गेल्यामुळे हाडं टोचतात आणि धातूची खुर्ची थेट गार लागते. गरम पाण्याच्या पिशवीबाबत मात्र फार सांभाळा. नसा कमकुवत असतील तर चटका बसलेला कळत नाही, आणि सैल पडलेल्या पोटाच्या त्वचेवर ती पिशवी ठेवून झोपून फोड आलेल्या दोन पेशंट मी पाहिल्या आहेत. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून झोपायच्या आधी पंधरा मिनिटं अंथरुणात ठेवा, अंथरूण गरम झालं की बाहेर काढा, आणि मग झोपा.